कटाचा चवठसा

कराडच्या पुढे, महामार्गाला लागून असलेल्या 'कटघर'च्या शाखेत श्रेणिक मगदूम सकाळपासून कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून होता. खायला नव्हे, लोक ताटलीत काय टाकून उठतात, ते पाहायला.

काउंटरमागे माणसं दोनच होती. वडे तळणं, त्यांवर ओतायचा तिखट कट उकळणं, वाट्या भरणं हे सगळं यंत्रांकडे. कटाच्या प्रत्येक पातेल्यात एक बोटभर लांबीची पट्टी बुडालेली असे, दिसायला जुन्या थर्मामीटरसारखी. तिच्यावर चौसष्ट सूक्ष्म पापुद्रे होते. एकाला मीठ कळे, दुसऱ्याला चिंचेचं आम्ल, तिसऱ्याला मिरचीचा दाह, आणखी एखाद्याला भाजलेल्या खोबऱ्याचं तेल. दर चार सेकंदांनी पट्टी चौसष्ट आकडे कळवायची. आकड्यांच्या त्या रांगेला चवठसा म्हणत. बोटाचा असतो तसा चवीचा ठसा. तो जरा हलला की पातेल्यावरच्या तोट्यांतून मिठाच्या पाण्याचा थेंब किंवा मसाल्याची चिमूट आपोआप पडे. त्यामुळे नाशिकपासून बेळगावपर्यंत, सहाशे बारा शाखांत कटवडा एकाच चवीचा मिळे.

ही जीभपट्टी श्रेणिकने बनवली होती.

समोरचा ट्रकचालक अर्धी वाटी कट तसाच ठेवून उठला. श्रेणिकने त्याला थांबवलं.

"काय झालं? आवडलं नाही?"

"वाईट नाही हो," तो संकोचून म्हणाला. "पण पूर्वीसारखं राहिलं नाही. मसाला बदललाय तुम्ही."

"काहीच बदललेलं नाही."

"मग मी काय खोटं सांगतोय?" असं म्हणून तो पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

श्रेणिकने पातेल्याचा ठसा तपासला. मूळ ठशाशी नव्व्याण्णव पूर्णांक तीन टक्के जुळत होता. सात शाखांत त्याने हेच पाहिलं होतं आणि सातही ठिकाणी हेच ऐकलं होतं.

पुण्याच्या मुख्य कार्यालयात अश्लेषा दोशी त्याची वाट पाहत होती. कंपनी तिच्या वडिलांनी, जयंतभाईंनी काढलेली. ते गेल्यावर चार वर्षं तीच कारभार पाहत होती. तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर जयंतभाईंचं वाक्य कोरलेलं होतं : गिऱ्हाइकाला नवल नको, खात्री हवी.

"एकदा आलेल्या शंभरांतले अठ्ठावन्न महिन्याभरात परत यायचे," ती म्हणाली. "आता सदतीस येतात. जागा त्याच, चव तीच. पप्पांनी सांगितलं त्यातलं मी काहीही सोडलेलं नाही. मग लोक का सोडून चाललेत, मगदूमसर? चार वर्षं चालणारी दुकानं खूप असतात. चाळीस वर्षं चालणारं कशानं चालतं?"

उत्तर कुठे शोधायचं याचा श्रेणिकला अंदाज होता, आणि तिथे जायला त्याचं मन तयार नव्हतं.

प्रयोगशाळेच्या कपाटात सर्वांत खालच्या खणात पट्टीचं पहिलं यंत्र पडून होतं. खोक्याएवढं, जड. सोबत एक वही. चौदा वर्षांपूर्वी हे यंत्र पिशवीत घालून तो इचलकरंजीला गेला होता. तेव्हा तो पीएच.डी. करत होता. यंत्रमागाच्या शेडबाहेर इंदुताई कोष्टी नावाच्या बाईंची कटवड्याची गाडी होती. पाळी सुटली की कामगार तिथे रांग लावून उभे राहत. बापानंतर मुलगा, अशी वीस-वीस वर्षं टिकलेली गिऱ्हाइकं. श्रेणिकच्या जैन घरी कांदा-लसूण आणि बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्यामुळे तो पहिला कट त्याने काहीशा चोरटेपणानेच खाल्ला होता, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ला होता.

"अभ्यासासाठी नमुने हवेत, मावशी," असं त्याने सांगितलं होतं.

"घ्या की. कट काय, पातेलंभर हाय," त्या म्हणाल्या होत्या.

नऊ दिवसांत त्याने एकेचाळीस नमुने घेतले. त्यांतले चौदा बाकीच्यांशी जुळेनात. मोजमापातली चूक म्हणून त्याने ते वगळले आणि उरलेल्या सत्तावीस नमुन्यांची सरासरी काढली. तो झाला मूळ ठसा. पुढे जयंतभाईंनी तो घेतला आणि त्यावर कंपनी उभी केली.

श्रेणिकने ते वगळलेले चौदा नमुने चौदा वर्षांनी पहिल्यांदा पडद्यावर उघडले. शेजारी वही ठेवली आणि प्रत्येक नमुन्याची वेळ लावून पाहिली.

दुपारी तीनला पाळी सुटे, तेव्हाच्या नमुन्यांत मीठ सकाळपेक्षा जवळपास दीडपट होतं. तापलेल्या शेडमध्ये आठ तास घाम गाळून आलेल्या माणसाच्या अंगातलं मीठ कमी झालेलं असतं, त्याच्या जिभेला मिठाची भूक असते, हे शरीरशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. पाऊस भरून आलेल्या दिवशी आंबटपणा खाली आणि मिरी वर होती. तेहतिसाव्या नमुन्यात तिखट जवळजवळ नव्हतंच. तो नमुना एकाच वाटीचा होता. श्रेणिकला आठवलं, तोंड आलेला, मागांची देखभाल करणारा एक म्हातारा जॉबर त्या दिवशी आला होता आणि इंदुताईंनी काही न विचारता त्याची वाटी वेगळी काढली होती. वहीत त्या ओळीपुढे त्याच्याच अक्षरात दोन शब्द होते : बाई चुकल्या.

ते वाचून त्याचे कान तापले.

चूक म्हणून काढून टाकलेलं तेच तर त्यांचं कसब होतं. बाई पातेल्याची चव सारखी ठेवत नव्हत्या. समोरच्याला ती सारखी लागेल, एवढं पाहत होत्या. उन्हाळे वाढले, लोकांची वयं वाढली, कामं बदलली. जिभा बदलल्या आणि कटघरचा कट मात्र त्या सरासरीवर थिजून राहिला. ट्रकचालक खोटं सांगत नव्हता.

उत्तर सापडलं होतं. आता इंदुताईंकडून नवे नमुने घ्यायला हवे होते, पाचशे, हजार. अश्लेषाला तेवढंच कळवून, संमतीचा कागद आणि नवी पट्टी घेऊन तो इचलकरंजीला निघाला.

शेड तीच होती, पण आतले माग आता जवळजवळ आपोआप चालत. गाडीच्या जागी पत्र्याचं छोटं दुकान होतं. फळ्यावर लिहिलं होतं : पोहे, शिरा, चहा. कटवड्याचं नाव नव्हतं. इंदुताई सत्तरीला आल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अभ्यासाचं भाऊ न्हवं तुमी? खोकं घिऊन आल्याला?" मग बाकावर चहा पीत बसलेल्या तिघाचौघांकडे वळून त्या कौतुकाने म्हणाल्या, "लई शिकल्यालं सायेब हैत. नऊ दिस माज्या हातचं खाल्लंय त्येंनी."

श्रेणिक कसाबसा हसला. "मावशी, कटवडा?"

त्यांचं हसू मावळलं. "त्यो बंद क्येला." त्यांनी हात पदराला पुसले, आत गेल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन आल्या. "बरं झालं आलासा. मला नीट वाचाय येत न्हाई. ह्यात काय लिवलंय, त्ये एकदा शिकल्याल्या मानसाकडनं ऐकायचं हुतं."

कागद आठ वर्षांपूर्वीचा होता. वर कटघरचं चिन्ह.

त्या सुमारास चवठसा नोंदणीचा कायदा आला होता. भेसळ रोखण्यासाठी प्रत्येक खाद्यविक्रेत्याने रोज सकाळी आपल्या पदार्थात जीभपट्टी बुडवायची, आकडे सरकारी नोंदवहीत आपोआप जायचे. नोंदवही सर्वांना खुली होती, आणि त्याच कायद्याने एखाद्या चवीची मालकीही नोंदवता येत असे. कंपनीची संगणकप्रणाली ती रोज चाळायची आणि कटघरच्या नोंदणीकृत ठशाशी चौऱ्याण्णव टक्क्यांहून जास्त जुळणारा पदार्थ दिसला की पत्र पाठवायची. चौऱ्याण्णव हा आकडा श्रेणिकनेच ठरवून दिला होता. इंदुताईंचा कट सत्त्याण्णव टक्के जुळला होता.

पत्रात लिहिलं होतं की आपण आमच्या मालकीच्या चवीची नक्कल करत आहात. विक्री तत्काळ थांबवा. खाली 'तांत्रिक पडताळणी' या शब्दांपुढे छापील सही होती. श्रेणिक मगदूमची. अशी पत्रं किती गेली, कुणाला गेली, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"कंपनीचा मानूस आला हुता," इंदुताई सांगत होत्या. "सगळ्यांम्होरं म्हनला, चव चोरलीया तुमी. मी म्हनलं, चव काय कोंबडी हाय व्हय चोराय? पर यंत्रावर आकडं दाखिवलं त्येनं. मग गल्लीत बी लोक म्हनाय लागलं. म्हाताऱ्या दिवसात चोर ठरले बगा." त्यांचा आवाज खाली आला. "मग मला बी वाटाय लागलं, आपुन कवातरी त्येंच्या हाटेलात खाल्लं असंल. हाताला लागलं असंल. म्या तर कदी ग्येल्याचं आठवत न्हाई. पर यंत्र कशाला खोटं बोलंल?"

श्रेणिकने कागदावरची सही अंगठ्याखाली झाकली.

"चार-पाच वर्सं गूळ घालून बगिटला. आंबट वाढीवलं. आकडा खाली यावा म्हनून. चौऱ्यान्नवच्या खाली आला, पर गिऱ्हाइकं बी ग्येली. मग बंदच क्येलं." त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. "काय लिवलंय वो ह्यात? अजून काय करतील का मला?"

याच क्षणी त्याने सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. बाकावरची माणसं बघत होती.

"जुनं पत्र आहे, मावशी," तो म्हणाला. "काही होणार नाही. काळजी करू नका."

त्याने कागदाची घडी घालून, सही आत जाईल अशा बेताने, त्यांच्या हातात दिली. पोह्यांची बशी त्यांनी आग्रहाने पुढे केली, ती खाल्ली. आणि निघून आला. संमतीचा कागद पिशवीतच राहिला. शिरोळ फाट्यापर्यंत त्याने गाडी नेली, मग रस्त्याकडेला थांबवली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसून राहिला.

पुण्यात त्याने अश्लेषाला सगळं सांगितलं. वगळलेले चौदा नमुने, ते पत्र, आणि शेवटी ज्याला तो इतकी वर्षं मनातही हात लावत नव्हता ते. नोंदणीच्या अर्जात 'मूळ नमुन्याचा स्रोत' असा रकाना होता. माणसाचं नाव लिहिलं की त्याची संमती जोडावी लागणार, असं वकील म्हणाले होते. जयंतभाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. त्याने लिहिलं होतं : प्रयोगशाळेत विकसित.

अश्लेषा म्हणाली, "त्यांना बोलवून घेऊ. मुख्य सल्लागार करू. त्यांचं नाव, त्यांचा फोटो प्रत्येक शाखेत लावू. त्यांच्या हाताप्रमाणे बदलणारा कट, हेच तर आपल्याला हवं आहे."

"आणि अर्ज?"

"अर्जाला हात लावायचा नाही, सर. तो खोटा ठरला तर नोंदणी जाईल. उद्या कुणीही हाच कट विकेल. नऊ हजार माणसं आपल्याकडे काम करतात. त्यांनी काय गुन्हा केलाय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यामुळेच श्रेणिकला ते सोयीचं वाटलं आणि त्याने सोळा दिवस काढले. त्या सोळा दिवसांत त्याने वगळलेल्या चौदा नमुन्यांवरूनच बदलत्या कटाची प्रणाली लिहून पूर्ण केली. दारातून येणाऱ्याच्या कातडीची आर्द्रता, हवेतला दमटपणा, दिवसाची वेळ पाहून पट्टी मीठ-तिखट ठरवणार होती. तीन शाखांत चाचणी झाली. लोक वाट्या चाटूनपुसून उठू लागले. सगळे त्याचं अभिनंदन करत होते. चाचणीच्या अहवालात प्रणालीच्या जनकाचं नाव भरायचा रकाना आला, तिथे त्याची बोटं थांबली. पुन्हा तोच रकाना. पुन्हा आपण तेच करतो आहोत, आणि या वेळी समोर जयंतभाईही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नोंदणी कार्यालयात गेला आणि शपथपत्र दिलं. मूळ नमुन्याचा स्रोत : इंदुमती बाळकृष्ण कोष्टी, इचलकरंजी. संमती घेतली नव्हती. आधीचं निवेदन मी जाणूनबुजून खोटं केलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, हे तुमच्याच विरुद्ध जातंय, कळतंय ना?"

आठवड्याभरात नोंदणीला स्थगिती मिळाली. श्रेणिकची नोकरी गेली, चौकशी लागली. अश्लेषाने फोन केला नाही. एक ओळ पाठवली : नऊ हजारांना काय सांगू, तेही लिहून द्यायचं होतं.

तो इचलकरंजीला गेला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दुकानाच्या आतल्या बाजूला उभं राहून त्याने इंदुताईंना सगळं सांगितलं. खोकं कशासाठी होतं, ते. ठसा कुणाचा, ते. सही कुणाची, ते. मागच्या वेळी सही लपवून घडी घातली, तेही.

त्या ऐकत होत्या. गॅसवरचं दूध वर आलं, तरी त्यांनी ते उतरवलं नाही. श्रेणिकनेच गॅस बंद केला.

"म्हंजी," त्या अखेर म्हणाल्या, "मी माजाच कट चोरला म्हनून भीत हुते? माज्याच हाताला भिऊन गूळ घालत हुते?"

"हो, मावशी."

"हितं नगा सांगू. भाईर चला. त्या बाकावरच्यांम्होरं सांगा. त्येंच्याम्होरंच चोर झाले मी."

तो बाहेर आला. पाचसहा माणसं होती. त्याने आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि एकेक गोष्ट पुन्हा, या वेळी मोठ्याने सांगितली. मध्येच त्याला वाटलं, कुणीतरी शिवी द्यावी, अंगावर यावं. कुणीच तसं केलं नाही. एकाने पेल्यातला उरलेला चहा जमिनीवर ओतला आणि उठून गेला. एक म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "इंदे, आमी बी म्हनत हुतो गं तुला. चुकलंच." आणि थोड्या वेळाने, न राहवून, "मग आता कट करनार का?"

इंदुताई आत गेल्या आणि त्यांनी कांदा आणि खोबरं भाजायला घेतलं.

कट उकळला. त्यांनी चमच्याने चाखला आणि तोंड फिरवलं. पुन्हा केला. फोडणी दिल्यावर त्यांचा हात आपसूक गुळाच्या डब्याकडे गेला. त्यांनी तो मागे ओढला, जणू चटका बसला. तिसऱ्यांदाही जमला नाही. त्या पाटावर बसल्या.

"हात इसरला," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच श्रेणिकला सोसवेना.

"एकेचाळीस नमुने आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "सगळे. तुमचे आहेत, मी परत आणलेत. त्यावरून करून बघू?"

त्याने स्वतःचं लहान यंत्र गॅसशेजारी मांडलं आणि चोविसावा नमुना लावला. चौदा वर्षांपूर्वीच्या चैत्रातला, दुपारी तीनची पाळी सुटतानाचा. पट्टी पातेल्यात बुडाली, तोट्यांतून थेंब पडत राहिले, आकडे एकेक करून जागेवर बसले. नव्व्याण्णव पूर्णांक सहा. त्याने वाटी भरून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

इंदुताईंनी घोट घेतला. डोळे मिटून तो बराच वेळ तोंडात धरला. बाहेर शेडचा भोंगा झाला, चपला वाजू लागल्या. त्यांनी डोळे उघडले, बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, वाटीवर नेलं आणि तसाच हात अधांतरी थांबला.

"मीट कमी लागतंय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी श्रेणिककडे पाहिलं. आठ वर्षांपूर्वीचं ते पत्र उघडताना पाहिलं असेल तसं, घाबरून. "खरंच कमी हाय, का मलाच कळंना झालंय?"

श्रेणिकने सवयीने पडद्याकडे पाहिलं. मग यंत्र बंद केलं आणि वाटीतला कट स्वतः चाखला. आज तिथे कोण, कुठून, किती घाम गाळून येणार होतं, हे ज्या एका हाताला ठाऊक असायचं, त्याच हाताला तो आता काय सांगणार होता?

"सांगा की, भाऊ," इंदुताई म्हणाल्या. बाहेर रांग लागली होती. "घालू का नगं?"